चोराचे पाचवे वचन

हवालदार मागे लागलेला, काखेत चोरलेले सोन्याचे ताट, आणि लपायला कुठे जागा नाही. चरणदास एका साधूभोवती जमलेल्या माणसांत जाऊन बसतो. साधू दीक्षा देतो आहे आणि त्याबदल्यात प्रत्येकाकडून एकेक व्यसन सोडवून घेतो आहे: कुणाची दारू, कुणाचा जुगार, कुणाचा गांजा. चरणदासची पाळी येते. चोरी सोडायला तो तयार नाही, कारण तो त्याचा धंदा आहे आणि पोट त्यावर चालते. मग वेळ निभावून नेण्यासाठी तो कुणी न मागितलेली चार वचने देऊन टाकतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही. हत्तीवर बसून मिरवणार नाही. राणीशी लग्न करणार नाही. राज्य देऊ केले तरी राजा होणार नाही. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही त्याने असली वचने द्यावीत, यावर प्रेक्षक खळखळून हसतात. साधू मात्र स्वतःच्या वतीने पाचवे वचन मागतो: खोटे बोलायचे नाही. चरणदास तेही देतो. पहिली चार वचने पुढे एकेक करून खरोखरीच त्याच्यासमोर येऊन उभी राहतात, आणि पाचवे त्याचा जीव घेते.

हबीब तन्वीर यांचे ‘चरणदास चोर’ मराठी नाट्यरसिकाला निदान नावाने ठाऊक असते. ते आकाराला आले भिलाईत, ही गोष्ट मात्र भिलाईतही फारशी बोलली जात नाही. १९७४ मध्ये तन्वीर यांनी इथे लोककलावंतांचे शिबिर घेतले. विजयदान देथा यांनी राजस्थानीत लिहिलेली एका खरे बोलणाऱ्या चोराची कथा त्यांनी कलावंतांपुढे ठेवली आणि त्यांच्याकडूनच प्रसंग उभे करून घेतले. शिबिरातून निघालेले छोटेखानी रूप भिलाईतल्या उघड्या मैदानावर सतनामी समाजापुढे सादर झाले. पुढच्या वर्षी नाटक पुरते उभे राहिले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीसाठी त्यावर चित्रपट केला आणि त्यात स्मिता पाटील दिसल्या. १९८२ मध्ये एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवात या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. दुर्ग, राजनांदगाव, रायपूरकडच्या खेड्यांतून आलेल्या, बहुतेक शाळेचे तोंडही न पाहिलेल्या नटांनी तो मिळवला होता.

नाटक वाचण्याआधी जरा पॅरिसला जाऊन यावे लागेल. तिथे काही वर्षे आधी हाच प्रश्न रंगमंचावर विचारला गेला होता, आणि तिथले उत्तर समोर ठेवले की भिलाईच्या उत्तराचे बळ कळते. प्रश्न असा: सगळे एका दिशेने निघाले असताना एकटा माणूस नाही म्हणतो, तेव्हा तो कशाच्या आधाराने म्हणतो? आणि त्याच्या नकाराचे पुढे लोक काय करतात?

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई इस्पात कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी तन्वीर आणि मोनिका मिश्र यांनी दिल्लीत ‘नया थिएटर’ स्थापन केले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात युजीन आयनेस्कोच्या ‘राइनोसेरॉस’चा, म्हणजे ‘गेंडा’ या नाटकाचा, पहिला प्रयोग झाला. जानेवारी १९६० मध्ये ते पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात झाँ-लुई बारो यांनी केले. या तिन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण एकाच पिढीच्या चिंता त्यांत आहेत.

‘गेंडा’ची गोष्ट सांगायला सोपी आहे. एका लहान फ्रेंच गावात रविवारी सकाळी एक गेंडा धावत जातो. मग दुसरा. गेंड्याला शिंग एक होते की दोन, तो आशियाई होता की आफ्रिकी, यावर लोक वाद घालतात. एक तर्कशास्त्री त्या वादाला नियम घालून देतो. पुढे कळते की गेंडे बाहेरून आलेले नाहीत, गावातलीच माणसे गेंडे होत आहेत. कचेरीतले सहकारी, शेजारी, अधिकारी, आणि नीटनेटकेपणावर व्याख्याने देणारा मित्र झाँ, जो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हिरवा पडत जातो आणि डुरकायला लागतो. शेवटी उरतो बेरांजे. तो उशिरा उठणारा, दारू पिणारा, कशातच फारसा हुशार नसलेला कारकून आहे. तो शरण जात नाही, एवढेच तो शेवटी सांगतो.

या नाटकात बोतार नावाचे एक पात्र आहे. निवृत्त शाळामास्तर, कट्टर बुद्धिवादी. गेंड्यांची बातमी म्हणजे सामूहिक भ्रम आहे, धर्म ही जशी लोकांची अफू तसेच हेही, असे तो ठामपणे सांगतो. पुढे हा बोतारही गेंडा होतो, आणि जाताना काळाबरोबर चालले पाहिजे असे कारण देऊन जातो. आयनेस्कोने ही गोष्ट ओझरती आणली आहे, पण ती मोलाची आहे. धर्म नाकारणारा माणूस कळपापासून आपोआप सुरक्षित होत नाही, हे त्याने स्वतःच्या देशात पाहिले होते. तसेच धर्म मिरवणारा माणूसही.

आयनेस्कोचा जन्म १९०९ चा, रुमानियातला. आई फ्रेंच, वडील रुमानियन. त्याच्या तरुणपणी रुमानियात ‘लीजन ऑफ द आर्केंजल मायकल’ ही संघटना वाढत होती. कोर्नेल्यू कोद्रेआनूने ती १९२७ मध्ये काढली होती. देवदूताच्या नावाची संघटना, हातात ऑर्थोडॉक्स चर्चच्या पवित्र तसबिरी, अंगात हिरवे सदरे आणि मनात ज्यूंचा द्वेष. बुखारेस्टच्या विद्यापीठातले आयनेस्कोचे मित्र एकामागून एक तिकडे ओढले गेले. कालचा मित्र आज थोडे मान्य करतो, उद्या आणखी थोडे, आणि परवा तो वेगळ्याच भाषेत बोलायला लागतो. या ओढल्या गेलेल्यांत मिर्चा एलियादे होता. भारतीय वाचकाला हे नाव परके नाही. १९२८ ते १९३१ या काळात कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकलेला, योगावर ग्रंथ लिहिणारा, पुढे धर्मेतिहासाचा जगप्रसिद्ध अभ्यासक झालेला हाच तो. धर्मांचा एवढा जाणकार १९३७ च्या सुमारास लीजनच्या बाजूने लेख लिहीत होता. धर्माबद्दलचे ज्ञान माणसाला गर्दीपासून वाचवत नाही, याचा याहून बोचरा दाखला सापडणे कठीण. गेंड्याच्या कातडीला हिरवा रंग कुठून आला असेल, हे वेगळे सांगायला नको.

आयनेस्कोच्या आणखी एका छोट्या नाटकात हे सगळे घरापुरते आणलेले आहे. ‘जाक किंवा शरणागती’मध्ये एका तरुणापुढे अख्खे कुटुंब हात जोडते, रडते, शिव्या देते. कशासाठी? आपल्याला डुकराच्या चरबीतले बटाटे आवडतात, एवढे त्याने एकदा म्हणावे म्हणून. तो म्हणतो, आणि त्या क्षणापासून तो त्यांचा होतो. लगेच त्याच्यासाठी वधू आणली जाते, आणि एक नाक जास्तीचे असूनही ती त्याला पुरेशी कुरूप वाटत नाही म्हणून तीन नाकांची दुसरी आणतात. बटाटे महत्त्वाचे नाहीत. सर्वांनी म्हटलेले वाक्य आपणही म्हटले, हे महत्त्वाचे. दीक्षेचा मंत्र, पक्षाची घोषणा, जातपंचायतीपुढची माफी, सगळ्यांची घडण हीच असते.

मार्टिन एसलिनने १९६१ मध्ये या नाटकांना ‘अॅब्सर्ड’ हे नाव चिकटवले आणि ते जगभर रुळले. बेकेटचा ‘गोदो’ १९५३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये आला होता, कामूचा सिसिफसवरचा निबंध त्याच्याही अकरा वर्षे आधीचा. या सगळ्यांच्या मागे देव हरवलेले, दोन महायुद्धांनी भाजलेले युरोप आहे. म्हणून बेरांजे नाही म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी कुणी नसते. देव नाही, गुरू नाही, गाणे नाही, भाषाही धड नाही. गेंड्यांचे डुरकणे गोड वाटू लागण्याचा क्षण त्याच्याही आयुष्यात येतो. त्याच्या नकाराला कारण नाही. म्हणूनच तो इतका केविलवाणा आणि इतका थोर वाटतो.

चरणदासचे तसे नाही. त्याच्या नकाराला कारण आहे, आणि ते कारण धर्माचेच आहे.

भिलाईच्या त्या मैदानावर बसलेला प्रेक्षक कोण होता, हे इथे लक्षात घ्यावे लागते. गुरू घासीदास यांचा जन्म १७५६ चा, गिरौदपुरीचा. मूर्तिपूजा आणि जातीची उतरंड नाकारून त्यांनी एकाच निराकार सत्याचे, सतनामाचे, नाव घ्यायला शिकवले. छत्तीसगडमधला एक मोठा दलित समाज त्यांच्या मागे उभा राहिला; तोच हा सतनामी समाज. पांढऱ्या झेंड्याचा जैतखांब गावोगाव आजही त्यांची खूण सांगतो आणि १८ डिसेंबरला जयंतीला मांदरच्या तालावर पंथी नाच होतो. कारखान्याच्या आसपासच्या खेड्यांत सतनामी मोठ्या संख्येने होते. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवर दीर्घकाळ काम केले आहे. कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम करणारी माणसे गावी परतल्यावर सतनाम्यांशी अंतर राखत, हे त्यांच्या लेखनातून समोर येते. ज्या माणसांनी सत्य हाच देव मानला आणि त्याबद्दल गावकुसाबाहेरचे जगणे सोसले, त्यांच्यापुढे तन्वीर यांनी सत्यापायी मरणारा चोर उभा केला. ही निवड धाडसाची होती आणि अचूक होती. नाटकाच्या सुरुवातीला सत्याचा आणि गुरूचा महिमा सांगणारे पंथी गीत येते ते याच नात्यातून. नाटकाच्या नावाचाही एक इतिहास आहे. आधी नाटक ‘चोर चोर’ होते, मग नायकाला अमरदास म्हणायचे ठरत होते; पण अमरदास हे सतनामी गुरुपरंपरेतले नाव, म्हणून ते सोडले आणि चोर चरणदास झाला.

रूपाचे श्रेय नाचाचे आहे. नाचा म्हणजे छत्तीसगडचा रात्रभर चालणारा लोकनाट्याचा खेळ: जोक्कड, म्हणजे विदूषक, बाईचे सोंग घेणारी परी, गाणी आणि मधे मधे जागच्या जागी रचलेली गम्मत. गडचिरोली-गोंदियाकडच्या झाडीपट्टीत दंडार आणि रात्रभराची नाटके पाहिलेल्या मराठी माणसाला हे परके वाटणार नाही. तन्वीर रायपूरचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, मुंबईत ‘इप्टा’त तयार झालेले, लंडनच्या ‘राडा’मध्ये नाट्यशिक्षण घेतलेले. ब्रेख्तला भेटायच्या ओढीने ते १९५६ मध्ये बर्लिनला पोचले, तर ब्रेख्त नुकताच वारला होता. १९५८ मध्ये परतल्यावर त्यांनी ‘मिट्टी की गाडी’त, म्हणजे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, सहा छत्तीसगढी कलावंत घेतले. गावात रात्र रात्र गाजवणारे हे नट दिल्लीत अडखळू लागले. तन्वीर यांना कारण सापडायला बरीच वर्षे लागली. एक तर ते त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत होते. दुसरे, इथून तिथे तीन पावले, मग वाक्य, मग वळण, अशी लिहून ठेवलेली हालचाल त्या अशिक्षित नटांवर लादत होते. जो नट प्रेक्षकाच्या हशाकडे बघून जागा बदलतो, त्याला खडूच्या रेघेवर उभे केले तर तो मरतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तन्वीर यांनी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. १९७३ मध्ये रायपूरच्या शिबिरातून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ निघाले आणि पुढच्या वर्षी भिलाईत चरणदास जन्मला.

दिग्दर्शकाच्या आज्ञेतून सुटलेल्या नटांनी आज्ञा न पाळणाऱ्या माणसाचे नाटक उभे केले, ही या संहितेतली सर्वांत जिवंत गोष्ट आहे. फिदाबाई मरकाम यांची राणी, गोविंदराम निर्मलकर यांचा चरणदास ज्यांनी पाहिला ते अजून त्या बोलण्याच्या ढंगाची आठवण काढतात. प्रस्तावनेत तो ढंग आणता येत नाही; वाचकाने छत्तीसगढी ओळी मोठ्याने वाचाव्यात. मराठी कानाला त्या पहिल्या पानावर जड जातील, तिसऱ्या पानावर नाही.

चरणदास दुष्काळात मालगुजाराचे धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो. देऊळही सोडत नाही. मग शाही खजिन्यात शिरतो आणि फक्त पाच मोहरा घेतो. त्याला आपली करामत दाखवायची असते, श्रीमंत व्हायचे नसते. खजिना सांभाळणारा मुनीम संधी साधून आणखी पाच स्वतःच्या खिशात घालतो. मोजणीत दहा कमी भरतात. दरबारात चोर सांगतो, पाच माझ्या. उरलेल्या पाचांचा हिशेब चोराच्या सत्यातून बाहेर येतो. या प्रसंगात भरपूर हसू आहे, पण इथूनच नाटकाची दिशा फिरते. आतापर्यंत चरणदासचे सत्य लोकांना मजेचे वाटत होते, आता ते सत्तेला कामाचे वाटते. राणी भुलते. हत्ती पाठवते. तो बसत नाही. सोन्याच्या ताटात वाढते. तो जेवत नाही. लग्नाचे विचारते, राज्यासकट. तो नाही म्हणतो.

इथपर्यंत राणी सहन करते. तिची शेवटची मागणी सर्वांत लहान आहे: झाले ते इथेच राहू दे, बाहेर कुणाला सांगू नकोस. जाकच्या घरच्यांनी मागितलेल्या वाक्यासारखीच ही मागणी. कुणाचे काही बिघडणार नाही, फक्त गप्प राहा. चरणदास तेही कबूल करू शकत नाही, कारण कुणी विचारले तर खोटे कसे बोलणार? राणीला त्याचा राग येत नाही, भीती वाटते. राणीला नकार देता येतो हे प्रजेला कळले तर राज्य कसे चालणार? ती त्याला मारायचा हुकूम देते.

अॅब्सर्ड म्हणावी ती विसंगती इथे पूर्ण उतरते. चोर चोरीसाठी मरत नाही. त्याने थट्टेत दिलेली वचने त्याचा धर्म होतात, आणि ज्या साधूने दीक्षा वाटताना ती घेतली त्यालाही त्यांचा एवढा अर्थ अपेक्षित नव्हता. गुरुमंत्र, वचन, दीक्षा ही कळप बांधण्याची जुनी साधने आहेत. तीच एका माणसाने शब्दशः घेतली तर ती कळपाविरुद्ध उभी राहतात. बेरांजेपाशी नसलेली पाठराखण चरणदासला इथून मिळते. आयनेस्कोला धर्मात गेंड्याचा हिरवा रंग दिसला, तन्वीर यांना त्याच धर्मात एक सरळ कणा दिसला. दोघांचेही पाहणे खरे आहे.

पण तन्वीर तिथे थांबत नाहीत, आणि हे नाटक मोठे होते ते त्यामुळे. चरणदास मेल्यावर लोक त्याची पूजा सुरू करतात. समाधी होते, फुले येतात, गाणे होते. जिवंतपणी त्याच्या बाजूने कुणी उभे राहिले नव्हते. ज्याचे अनुकरण करणे अवघड, त्याला देव करून मोकळे होणे सोपे, ही युक्ती मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे. आपण आपल्या संतांशी तेच केले. १९७४ च्याच २२ नोव्हेंबरला पुण्यात सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आले. तिथे मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच जळण्याचा हट्ट धरतात, तर शेजारीपाजारी विधी उरकायच्या घाईत असतात. पुण्यात कीर्तन, भिलाईत पंथी. दोन्हीकडे श्रद्धेचे रूप घेऊनच श्रद्धेच्या चाकोरीला प्रश्न विचारला गेला. युरोपच्या अॅब्सर्ड नाटकात समूहगान उरले नव्हते. आपल्याकडे ते होते, आणि या दोन नाटककारांनी त्याचा जो उपयोग केला तो भारतीय रंगभूमीची मोठी मिळकत आहे.

अशा प्रश्नांची किंमत तन्वीर यांनी मोजली. अस्पृश्यतेवरचा ‘जमादारिन’ किंवा ‘पोंगा पंडित’ हा नाचा कलावंतांचा जुना खेळ ते करीत. १९९२ नंतर त्यावर हल्ले झाले, प्रयोग उधळले गेले. ते खेळ करीत राहिले. ८ जून २००९ रोजी त्यांचे भोपाळमध्ये निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांतच छत्तीसगडमध्ये ‘चरणदास चोर’ हे पुस्तक शाळांच्या वाचन उपक्रमातून काढून घेण्यात आले. सतनामी गुरूंच्या संदर्भातल्या मजकुराला समाजातून आक्षेप आला होता. बंदीची बातमी देशभर गेली. आक्षेप घेणाऱ्यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. शतकानुशतके अपमान झेललेल्या समाजाला आपल्या गुरूबद्दलचा एकेक शब्द जपावा लागतो. तरीही पुस्तक काढून घेणे चूकच होते. त्या समाजाच्या श्रद्धेतले सत्य ज्या नाटकाने एडिनबरापर्यंत नेले, त्याच्याशी वाद घालायला हवा होता, आणि वाद घालण्यासाठी ते मुलांच्या हातात असायला हवे होते.

भिलाईच्या वाचकाला हे नाटक वाचताना आणखी एक आधार आहे. पंडवानी गायिका तीजनबाई इथल्याच गनियारीच्या. बाईने उभे राहून, तंबुरा उगारून कापालिक ढंगात गाणे जातीला मान्य नव्हते, आणि गाण्यापायी त्यांना पारधी समाजाने वाळीत टाकले. त्या गात राहिल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. नकार देणारा माणूस चरणदाससारखा मरतोच असे नाही, आणि बेरांजेसारखा शेवटपर्यंत एकटा राहतो असेही नाही. वाचकाने राणीच्या शेवटच्या मागणीचे पान सावकाश वाचावे आणि त्यानंतरचे पूजेचे गाणे वगळू नये. प्रयोग करणाऱ्या काही मंडळ्या ते आटोपते घेतात. तन्वीर यांनी ते पुरते गाऊन घेतले होते, आणि चरणदासच्या मरणाइतकेच तेही नाटकाचे अंग आहे.